टाक पिन

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे आमच्यासारख्याला गाडीच्या बुडावरून कळतं. मागच्या कमानीला, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगला, एक जादा पाटा टाकून मागणारा कोणी आला, की मी विचारतो, "काय वाहता?" तो म्हणतो, "काही नाही, घरचीच माणसं." घरची माणसं इतकी जड कशी, हा माझा दुसरा प्रश्न असतो. बाहेरच्या जिल्ह्यातून पेट्या भरून आणणाऱ्याची गाडी मागून बसते आणि बसलेली गाडी नाक्यावरचा शिपाई लांबूनच हेरतो. म्हणून त्याला जादा पाटा हवा असतो, आणि म्हणून जादा पाटा म्हटलं की माझे कान टवकारतात. एकाने तर डिझेलची दुसरी टाकी बसवून मागितली होती. मी विचारलं, "डिझेलच भरसान ना?" तो जो गेला तो परत आला नाही.

संशय हा माझा स्वभाव की माझा धंदा, हे आता सांगता येत नाही. देवळातून बाहेर आल्यावर चपला आपल्याच आहेत ना, हे मी तळवा उलटा करून बघतो, असं माझी बायको सगळ्यांना सांगते. खरं आहे. बघतो.

वर्ध्याला लागून सिंदी मेघेत माझं गॅरेज आहे. अडतीस वर्षं झाली. आता मुलगा बघतो, मी खुर्चीवर बसून त्याला बघतो. सुरुवातीला ट्रॅक्टर आणि सरकारी जीपगाड्या यायच्या. गेल्या दहा-बारा वर्षांत वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलं. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर, कॉलेजातले प्रोफेसर, दोन-चार शिकलेले शेतकरी. रविवारी चांगला रस्ता सोडून मुद्दाम नाल्यात, दगडांवर, चिखलात गाडी घालायची आणि बाहेर काढायची, हा त्यांचा छंद. मी जन्मभर रुतलेल्या गाड्या काढल्या, आणि ही माणसं गाडी रुतवायला पेट्रोल जाळतात, हे पचायला मला वर्ष लागलं. नंतर त्यांच्याच गाड्यांवर माझं गॅरेज नावारूपाला आलं, हेही कबूल करतो.

या अंकाच्या संपादकांनी मला या कामातल्या गमती लिहायला सांगितल्या. दोन गमती सांगतो आणि मग जे सांगायचं आहे ते सांगतो.

साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो. फोर-व्हील गाडीत तो चारही चाकांना देता येतो, त्यासाठी आत एक वेगळी लिव्हर असते. पण जुन्या गाड्यांत एवढ्याने भागत नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली चकती हाताने फिरवून लॉक करावी लागते. ती फिरवली नाही, तर आत लिव्हर कितीही ओढा, पुढची चाकं नुसती मोकळी फिरतात. एक प्रोफेसर दोन वर्षं माझ्याकडे तक्रार घेऊन येत होते, "मिस्त्री, गाडी फोर-व्हीलमध्ये ओढत नाही." मी गिअर उघडला, तेल बदललं, काही सापडेना. शेवटी मी त्यांच्या शेजारी बसून चिखलात गेलो. त्यांनी ऐटीत लिव्हर ओढली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, खाली कोण उतरणार?" त्या चकत्या शोभेच्या आहेत असं त्यांना वाटत होतं.

दुसरे एक गृहस्थ इंजिनाला हवा घ्यायची उंच नळी बसवायला आले. गाडी छातीभर पाण्यातून न्यायची असेल तर ती नळी लागते. मी विचारलं, "पाण्यात कुठं जाता?" म्हणाले, "जात नाही. पण चांगली दिसते." बसवून दिली. मात्र त्या माणसाच्या कुठल्याच बोलण्यावर मी पुन्हा विश्वास ठेवला नाही.

आता शेषराव.

शेषराव माझा फिटर आणि वेल्डर. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कमी बोलणारा, दुपारी बरोबर एक वाजता डबा खायला स्कूटरवर घरी जाणारा. वीस वर्षं माझ्याकडे होता. आमच्या गॅरेजात एक नियम होता आणि तो मीच केलेला. स्टिअरिंगचा, ब्रेकचा, म्हणजे ज्यावर माणसाचा जीव आहे असा कुठलाही नट शेषरावने आवळायचा, पण त्यात पिन त्याने लगेच घालायची नाही. ही पिन म्हणजे केसांच्या आकड्यासारखी दोन पायांची तार असते. नटाच्या खाचेतून आणि बोल्टच्या भोकातून ती आरपार जाते, मग तिचे पाय वाकवतात. ती असली की नट कितीही हादरला तरी सुटून पडत नाही. तर शेषरावने नट आवळायचा, मला हाक मारायची, मी चष्मा लावून बघायचं, पाना लावून एकदा ओढायचं आणि म्हणायचं, "टाक पिन." मग त्याने पिन घालायची. एक पाय वर वाकवायचा, दुसरा आखूड कापून बाजूला दाबायचा, ही त्याची खास पद्धत. वीस वर्षांत मी "टाक पिन" किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. त्याला माझ्या या तपासण्याचा कधी राग आला असेल, तर त्याने दाखवला नाही.

वडनेरचा प्रफुल्ल नावाचा तिशीतला शेतकरी एक दिवस जुनी फोर-व्हील गाडी घेऊन आला. वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतो, हिंगणघाटच्या बाजारात नेतो. म्हणाला, "काका, पावसाळ्यात वावरातून माल बाहेर काढता येत नाई. अन् रविवारी डॉक्टरलोकांसंग जायचंय. गाडी दोन्ही कामाची करून द्या." चिखलाचे टायर, पुढे रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचा विंच, दणकट बंपर, सगळं ठरलं. मग जाताजाता म्हणाला, "मागं एक पाटा वाढवजा."

झालं. माझं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं.

भाजी काही इतकी जड नसते, असं मी मनाशी म्हटलं. पुढचे पंधरा दिवस मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. तो आला की आधी शेषरावकडे जायचा. दोघं गाडीमागे उभे राहून हळूहळू बोलायचे आणि मी जवळ गेलो की गप्प व्हायचे. शेषरावने मागच्या पत्र्याखाली एक नवी पट्टी जोडली होती. मी त्याला विचारलं, "हे काऊन?" तो म्हणाला, "पत्रा कुजला होता, भाऊ." त्याच दिवशी प्रफुल्ल गेल्यावर मी गाडीच्या मागच्या भागात डोकं घालून वास घेतला. सांभाराचा वास आला. त्यानेही माझं समाधान झालं नाही. वास घालवायला सांभार टाकला असेल, असं वाटलं.

शनिवारी गाडी द्यायची होती. स्टिअरिंगचे दोन्ही बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचे सांधे, नवे टाकले होते. सकाळी शेषरावने ते आवळले, मी बघितले, "टाक पिन" म्हटलं, त्याने पिना घातल्या. सगळं रीतसर झालं होतं. दुपारी एकला तो डबा खायला गेला आणि पक्कड शोधताना मी त्याच्या पिशवीत हात घातला. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कोरा बॉल जॉइंट होता. अगदी त्याच गाडीचा.

माझ्या मनात क्षणभरही दुसरा विचार आला नाही. एका बाजूला जुना जॉइंट रंग मारून बसवला आणि नवा याने ठेवून घेतला, असंच वाटलं. रंग मारलेला जुना जॉइंट वरून ओळखू येत नाही. त्याच्या खुंटावर घासल्याच्या खुणा असतात आणि त्या बघायला तो उघडावाच लागतो.

मी फरशीवर गोणपाटसुद्धा न टाकता गाडीखाली शिरलो. चष्मा लावला. डाव्या बाजूची पिन पकडीने सरळ करून काढली, नट काढला, हातोडीने ठोकून जॉइंट खाली पाडला. खुंट आरशासारखा चकचकीत होता. नवाच होता. उजव्या बाजूला हात लावायची गरज उरली नाही, कारण तिचा जॉइंट मीच डब्यातून काढून दिला होता. मी डावा परत वर चढवला, नट हाताने फिरवत आणला, आणि तेवढ्यात फाटकाशी शेषरावच्या स्कूटरचा आवाज आला.

माणूस चोरी करताना सापडला तर लाजतो, त्याहून चोर पकडायला गेल्यावर सापडला तर जास्त लाजतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी घाईघाईने बाहेर आलो, चष्मा डबीत कोंबला, डबी खिशात टाकली आणि खुर्चीवर जाऊन बसलो. शेषराव आत आला, एकदा माझ्याकडे बघितलं, हात धुतले आणि कामाला लागला. संध्याकाळी प्रफुल्ल गाडी घेऊन गेला.

मी नट आवळला होता, पिन घातली होती, पाय वाकवले होते, अशी माझी त्या वेळी पक्की खात्री होती. अगदी डोळ्यांपुढे दिसत होतं. हे चित्र खरं तर सकाळचं होतं, आणि त्यातले हात शेषरावचे होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. एका शेतकऱ्याच्या पडीक जागेत, नाल्याकाठी सगळे जमले होते. या रविवारांना मीही पाना-पेटी घेऊन जातो. बघतो तर प्रफुल्लच्या शेजारच्या सीटवर, डोक्याला हेल्मेट घालून, शेषराव. मला बघून तो जरा ओशाळला.

"तू इथं काऊन?"

"शिकून राह्यलो, भाऊ. दोन महिने झाले, प्रफुल्लच्या वावरात. बाजूले बसतो, चाक कुठून न्यायचं ते सांगतो. तुमाले सांगनारच होतो."

हे होतं त्यांचं कुजबुजणं. पन्नाशीतल्या माणसाला गाडी नाल्यातून न्यायला शिकायचं होतं आणि मी हसेन म्हणून तो सांगत नव्हता. पण मला ते तसं दिसलं नाही. मला दिसलं, की हा माझं गिऱ्हाईक फोडतो आहे.

नाल्याचा उतार खडा होता, वर मुरूम आणि खाली दगड. प्रफुल्लने गाडी सावकाश उतरवायला घेतली. शेषराव बाहेर वाकून डावं चाक बघत हात दाखवत होता. अर्ध्यावर ते डावं चाक एकाएकी आपल्याच मनाने बाहेर वळलं. प्रफुल्ल स्टिअरिंग फिरवत होता आणि चाक ऐकत नव्हतं. गाडी आडवी झाली, मग कुशीवर पडली आणि दगडाला टेकून थांबली. त्या दोन क्षणांत माझे पाय हलले नाहीत, हे मी विसरलेलो नाही.

डॉक्टर मंडळी धावली. प्रफुल्लच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. शेषरावची कोपरं सोलवटली होती, बाकी तो धड होता. प्रफुल्लला सावंगीला नेलं. मी गाडीपाशी वाकलो. डावा बॉल जॉइंट लोंबत होता, नट गायब, पिनेचं भोक रिकामं.

"पिन कुठंय?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "पिन कुठंय, शेषराव?"

"टाकली होती, भाऊ. तुमीच म्हनले, टाक पिन."

"टाकली असती तर नट पडला असता? तुझं ध्यान कामात नव्हतंच. इथं मिरवाचं होतं तुले! आज पोरगं मेलं असतं!"

तो कोपरावरची माती झाडत उभा होता. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, आनखी काई सांगाचं हाय का तुमाले?"

मी म्हणालो, "काही नाही."

मधे मी नट उघडला होता, हे मी बोललो नाही. सांगून उपयोग काय, पिन तर मी परत घातली होती, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मग मी घातलेली पिन गेली कुठे, हे मी स्वतःला विचारलं नाही. जगातल्या प्रत्येकाला मी प्रश्न विचारले होते, एका स्वतःला सोडून.

सोमवारी शेषराव आला, त्याने आपला वेल्डिंगचा चष्मा आणि पिशवी उचलली. पिशवीतला जॉइंट माझ्या टेबलावर ठेवला. "हा प्रफुल्लनं जास्तीचा आनला होता. संग ठेवाले. त्याले देजा," एवढं बोलून गेला. मी त्याला थांबवलं नाही. महिनाभराने कळलं, की त्याने वडनेरजवळ रस्त्यावर, प्रफुल्लच्या वावराच्या कडेला टिनाचं शेड टाकलं आहे. बघा, मी म्हणत होतो ना, असं मी घरी म्हणालो. 

पुढचे आठ महिने माझ्या खिशात चष्म्याची डबी खुळखुळत होती. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला आहे असं मला वाटायचं. दोनदा मी तो आवळूनही घेतला. उन्हाळ्यात काच तडकली म्हणून चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने डबीच्या तळाची सुटलेली मखमल उचलली आणि म्हणाला, "काका, हे काय ठेवलंय?"

पिन होती. एक पाय लांब, एक आखूड कापलेला, दोन्ही पकडीने सरळ केलेले.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. चष्मेवाल्याने पाणी आणून दिलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी वडनेरला गेलो. आधी प्रफुल्लकडे. तो वावरात कोबीची पोती भरत होता. एक पोतं उचलून बघा म्हणाला; मला ते जमिनीवरून सुटलं नाही. जादा पाटा कशाला लागतो ते मला तेव्हा समजलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो खांदा चोळत ऐकत होता. म्हणाला, "काका, माह्यं हाड तं जुळलं. तुमी त्याच्याकडे जा."

शेषराव शेडमध्ये एका गाडीखाली झोपून काम करत होता. मला बघून बाहेर आला, स्टूल पुसून दिलं. मी पिन त्याच्यासमोर धरली. "माझ्या डबीत होती," एवढंच म्हणालो.

त्याने पिन हातात घेतली नाही. नुसती बघितली.

"मले माहीत होतं, भाऊ."

"काय माहीत होतं?"

"तुमी उघडलं होतं थे. मी जेवून आलो तं तुमच्या पाठीले सारी माती होती."

"मंग तवाच बोलला काऊन नाई? एकदा वाकून पाह्यलं काऊन नाई?"

तो चिंध्यांनी हात पुसत राहिला. "पाहनारच होतो. मंग म्हटलं, भाऊनं सोता हात लावला म्हंजे आता आपन पाहाची गरज नाई. त्याच्याच भरवशावर बसलो ना मी गाडीत."

 तरी मी विचारलंच, "अन् नाल्यावर? त्या सगळ्यायसमोर मी तुले इतकं बोललो, तवा?"

"तुमी सांगसान म्हून थांबलो होतो."

ज्यांच्यासमोर मी त्याला बोललो, त्यातले बरेच जण हा अंक वाचतात. म्हणून हे इथं लिहिलं आहे. चूक शेषरावची नव्हती. तो नट मी उघडला होता.

त्याने चहा मागवला. परत ये, असं मी म्हणालो, तर तो हसून म्हणाला, "आता इथंच बरं हाय. तुमी येजा." चहा झाल्यावर तो पुन्हा गाडीखाली सरकला. पान्याचा आवाज येत राहिला, मग थांबला. आणि खालून हाक आली, "भाऊ, झालं. पाहून घेता का?"

माझा हात सवयीने खिशाकडे गेला. डबी काढली, चष्मा लावला, वाकलोसुद्धा. मग सरळ झालो, चष्मा काढला आणि म्हटलं, "टाक पिन."

 मग पकडीचा आवाज आला.

परत येताना मी तीन वेळा गाडी हळू केली. नट पुरता आवळला असेल ना, एकदा जाऊन हात लावून यावं, असं वाटत होतं. तिसऱ्यांदा तर रस्त्यावर गाडी अर्धी वळवलीसुद्धा. मग तशीच थोडा वेळ उभी ठेवली, आणि पुन्हा सरळ करून घरी आलो.